खोल समुद्रातला शेजार

चाळीत एखाद्या बिऱ्हाडाच्या दारात दुधाची पिशवी सकाळी नऊ वाजेपर्यंत तशीच पडून राहिली, की शेजारचे दार उघडते. ‘अहो काकू, बरं आहे ना?’ अशी हाक जाते. उत्तर आले नाही, तर कडी वाजवली जाते. शेजार म्हणजे तरी दुसरे काय? आपण दिसलो नाही, तर ते कुणाच्या तरी लक्षात यावे, एवढीच माणसाची अपेक्षा असते.

पण ज्यांचे घरच पाण्यावर तरंगते आणि ज्यांच्या खिडकीतून चारही दिशांना पाण्याखेरीज काहीच दिसत नाही, त्यांच्या दारातली दुधाची पिशवी कोण बघणार?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. जगभरात हजारो माणसे आपापल्या शिडाच्या बोटीलाच घर मानून समुद्रावर राहतात. त्यांना ‘क्रूझर’ म्हणतात. हजारो प्रवाशांना घेऊन फिरणाऱ्या आलिशान क्रूझ जहाजांशी यांचा काही संबंध नाही. यांची बोट बहुधा पस्तीस-चाळीस फुटांची, म्हणजे लांबीला साधारण आपल्या एसटीच्या गाडीएवढी. तेवढ्यातच झोपायची जागा, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, नकाशांचे टेबल आणि सहा महिन्यांचे डाळ-तांदूळ. बोटीवर बहुतेक वेळा दोघेच, नवरा आणि बायको. कुणी निवृत्त झाल्यावर घरदार विकून निघालेले असते, कुणी मुलांना घेऊन दोन-तीन वर्षांसाठी. सगळेच काही धनिक नसतात. जुनी बोट विकत घेऊन, ती स्वतःच्या हातांनी दुरुस्त करून, काटकसरीने फिरणारे पुष्कळ असतात. ‘जगातल्या सुंदर सुंदर ठिकाणी जाऊन बोट दुरुस्त करत बसणे, याचेच नाव क्रूझिंग’ असा एक विनोद या मंडळींत फार जुना आहे.

शिडाच्या अशा बोटीचा वेग ताशी नऊ-दहा किलोमीटर. रमतगमत सायकल चालवावी, तसा. प्रशांत महासागरात गॅलापागोस बेटांपासून मार्केसास बेटांपर्यंतचे अंतर सुमारे ३,००० सागरी मैल, म्हणजे जवळजवळ ५,५०० किलोमीटर. वाटेत एकही बेट नाही. या एका टप्प्याला तीन ते चार आठवडे लागतात. तेवढे दिवस रात्रंदिवस आळीपाळीने पहारा, आणि दिवसाकाठी दुसरे शीडसुद्धा नजरेस पडत नाही.

आणि तरीही ही माणसे सांगतात, की इतका घट्ट शेजार जमिनीवर कधी लाभला नव्हता!

हवेतली हजेरी

हा शेजार उभा राहिला तो रेडिओवर. बोटींवर साधारणपणे दोन प्रकारचे रेडिओ असतात. एक ‘व्हीएचएफ’, जो वीस-पंचवीस मैलांच्या टापूत चालतो. एका बंदरात नांगर टाकून असलेल्या बोटी यावर बोलतात. दुसरा लघुलहरींचा, ज्याला ‘एसएसबी’ म्हणतात. त्याच्या लहरी पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून पुन्हा खाली येतात, त्यामुळे तो हजारो मैल पोहोचतो. ज्या तत्त्वावर आपल्याकडे पूर्वी रेडिओ सिलोन ऐकू यायचा, तेच हे तत्त्व. फरक एवढाच, की इथे ऐकणाराही बोलू शकतो.

या रेडिओवर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या लहरीवर सगळे जमतात. या जमण्याला म्हणतात ‘नेट’. एक जण सूत्रसंचालक असतो. प्रथम तो विचारतो, ‘कुणावर काही संकट आहे का?’ सगळे गप्प राहतात. त्या काही क्षणांत दुसऱ्या कुणी बोलायचे नसते, कारण संकटातल्या बोटीचा आवाज क्षीण असू शकतो. मग हजेरी सुरू होते. एकेका बोटीचे नाव पुकारले जाते आणि बोट उत्तर देते : आपले अक्षांश-रेखांश, वारा कुठून आणि किती, लाटा केवढ्या, आभाळ कसे. शेवटी एक वाक्य, ‘बोटीवर सर्व कुशल.’

शाळेतल्या हजेरीसारखाच हा प्रकार. पण शाळेत गैरहजर राहिले तर छडी मिळते. इथे गैरहजर राहिले तर शोध सुरू होतो.

समजा, एखाद्या बोटीचे उत्तर आले नाही. सूत्रसंचालक पुन्हा पुकारतो. मग तो विचारतो, ‘यांचा आवाज कुणाला येतोय का?’ लघुलहरींचा स्वभाव लहरी. पाचशे मैलांवरचा आवाज कधी येत नाही आणि दोन हजार मैलांवरचा खणखणीत येतो. अशा वेळी मधली एखादी तिसरीच बोट म्हणते, ‘मला ऐकू येतेय, मी सांगते.’ आणि एकीचा निरोप दुसरीला पोहोचवते. याला ‘रिले’ म्हणतात. ज्या दोघांना एकमेकांचे ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी तिसऱ्याने घसा कोरडा करायचा, आणि त्याबद्दल आभाराचीही अपेक्षा ठेवायची नाही!

एवढे करूनही पत्ता लागला नाही, तर पहिल्या दिवशी कुणी घाबरत नाही. बॅटरी उतरली असेल, एरियल तुटली असेल, रात्रभर जागून दोघेही झोपले असतील. दुसऱ्या दिवसापासून मात्र आसपासच्या बोटींना लक्ष ठेवायला सांगितले जाते. पुढच्या बंदरात नांगर टाकलेल्यांना विचारले जाते, ‘ही बोट तिथे आली का?’ तरीही काही कळले नाही, तर सागरी बचाव केंद्राला खबर जाते. त्या वेळी शेवटच्या हजेरीत वहीत लिहून घेतलेले अक्षांश-रेखांश लाखमोलाचे ठरतात. अथांग समुद्रात शोध कुठून सुरू करायचा, हे त्या एका ओळीवरून ठरते.

अशा हजेऱ्या घेणारी नेट जगाच्या निरनिराळ्या समुद्रांवर चालत आली आहेत. १४.३०० मेगाहर्ट्झ या लहरीवरचे ‘मेरिटाइम मोबाइल सर्व्हिस नेट’ १९६८ मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या काळात सुरू झाले. समुद्रावरच्या अमेरिकी सैनिकांना घरच्यांशी बोलता यावे, म्हणून हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे ‘हॅम’ मंडळींनी, ते चालवले. पुढे तेच शिडाच्या बोटींचा आधार झाले. त्याच लहरीवर ‘पॅसिफिक सीफेअरर्स नेट’ने प्रशांत महासागर ओलांडणाऱ्या बोटींची वर्षानुवर्षे रोज हजेरी घेतली. या नेटवरचे अनेक सूत्रसंचालक जमिनीवरचे. आपल्या घरच्या खोलीत बसून, कधीही न पाहिलेल्या माणसांची काळजी वाहणारे.

नारळाच्या भावात फ्रीज

बंदरात आले की हाच शेजार अधिक रंगतो. मेक्सिकोतले ला पाझ हे बंदर घ्या, किंवा बहामा बेटांमधले जॉर्जटाउन. हिवाळ्यात जॉर्जटाउनच्या खाडीत शेकडो बोटी नांगर टाकून असतात. पाण्यावर जणू एक गावच वसते. रोज सकाळी आठ वाजता व्हीएचएफवर या गावाची ‘सभा’ भरते. चहा-कॉफीचा कप हातात धरून प्रत्येक बोटीवर कान टवकारले जातात.

सभेचा क्रम ठरलेला. आधी संकट आणि आजारपण. मग नव्याने आलेल्यांनी आपली ओळख द्यायची आणि निघालेल्यांनी निरोप घ्यायचा. नंतर हवामान आणि भरती-ओहोटी. त्यापुढे हरवले-सापडले. वल्हे वाहून गेले, कुणाची टोपी सापडली वगैरे. मग मदत हवी असलेल्यांची पाळी. ‘पंपाचा रबरी पडदा फाटलाय, कुणाकडे जादा आहे का?’ ‘दातदुखीने हैराण झालोय, गावात बरा डेंटिस्ट कोण?’ ‘उद्या कोण अमेरिकेला जातंय? दोन पत्रं न्यायची आहेत.’ प्रत्येक प्रश्नाला कुठल्या ना कुठल्या बोटीवरून उत्तर मिळते. कुणी पूर्वायुष्यात डिझेल मेकॅनिक असतो, कुणी परिचारिका, कुणी वीजतंत्रज्ञ. आपला हुद्दा सगळे किनाऱ्यावर ठेवून आलेले असतात, पण हातातली कला काही मागे राहत नाही.

ला पाझच्या सभेत एक गंमत आहे. परदेशी बोटवाल्यांना मेक्सिकोत आपले सामान विकायला कायद्याने बंदी. म्हणून जुना फ्रीज किंवा जादा नांगर द्यायचा असला, तर किंमत डॉलरमध्ये न सांगता नारळांमध्ये सांगायची प्रथा पडली! ‘साखळी आहे, चाळीस नारळ’ अशी घोषणा ऐकली, की नवखा माणूस चक्रावतो.

संध्याकाळी कुणाच्या तरी बोटीवर किंवा किनाऱ्याच्या वाळूवर सगळे जमतात. प्रत्येकाने एक पदार्थ करून आणायचा. आपल्याकडच्या अंगतपंगतीचेच हे भावंड. आडनावे कुणाला ठाऊक नसतात. माणसाचे नाव आणि त्याला जोडून बोटीचे नाव, एवढीच ओळख. वर्षानुवर्षांचे स्नेही असूनही एकमेकांचे आडनाव ठाऊक नाही, असे इथे सर्रास घडते.

मुलांचे तर विचारूच नका. बोटीवर आईबापांकडून धडे घेणारी ही मुले सभा संपायची वाट पाहत असतात. ती संपली रे संपली, की आपली वेगळी वाहिनी धरून यांचा गलका सुरू होतो. कुणाच्या बोटीवर आज अभ्यास लवकर आटपणार, पोहायला कुठे जायचे, याची खलबते चालतात. मुले असलेल्या बोटी पुढचा प्रवास ठरवतानाही एकमेकांचा विचार करतात. वारा अनुकूल असला तरी ‘मित्र दोन दिवसांनी निघणार आहे’ म्हणून नांगर न उचलणारे बाप इथे भेटतात.

बंदर-बंदरच्या पत्रांपासून

रेडिओ आला त्याआधीही हा स्नेह होताच. तेव्हा तो पत्रांवर चाले. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, कोरोनाडो येथे, बोटींवर राहणाऱ्या मोजक्या कुटुंबांनी ‘सेव्हन सीज क्रूझिंग असोसिएशन’ स्थापन केली. पद्धत साधी होती. सभासदांनी जिथे असतील तिथून पत्र लिहायचे : बंदरात शिरताना खडक कुठे आहेत, पाणी कुठे भरावे, कोणता अधिकारी सरळ आणि कोणता वाकडा. ती पत्रे एकत्र करून बुलेटिनच्या रूपाने सगळ्यांना पाठवली जात. संस्थेचे तत्त्व मराठीत सांगायचे, तर ‘आपल्या मागचे पाणी स्वच्छ ठेवा.’ त्यात कचरा न टाकणे आलेच, पण खरा अर्थ त्याहून खोल आहे. बंदरातल्या लोकांशी असे वागा, की तुमच्यामागून येणाऱ्या अनोळखी बोटीचेही तिथे स्वागत व्हावे.

दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, ब्रिटनच्या हम्फ्री बार्टन यांनी ‘ओशन क्रूझिंग क्लब’ सुरू केला. सभासद व्हायला पैसा-प्रतिष्ठा चालत नाही. छोट्या बोटीतून न थांबता किमान १,००० सागरी मैलांचा एक प्रवास केलेला असावा लागतो. जगभरच्या बंदरांत या क्लबचे स्वयंसेवक आहेत. आलेल्या बोटीला दुरुस्तीचे दुकान दाखवण्यापासून दवाखान्यात सोबत जाण्यापर्यंत सगळे ते विनामूल्य करतात.

अटलांटिक महासागराच्या मध्यावर, अझोर्स बेटांपैकी एका बेटावर ओर्ता नावाचे बंदर आहे. तिथले ‘पीटर्स कॅफे स्पोर्ट’ हे १९१८ पासूनचे उपाहारगृह म्हणजे या मंडळींचा जणू पारच. इथे खलाशांची पत्रे सांभाळून ठेवली जात आणि बोट येईल तेव्हा हाती दिली जात. ओर्ताच्या धक्क्यावर प्रत्येक बोटीने आपले एक चित्र रंगवून जायचे, नाही तर पुढचा प्रवास सुखाचा होत नाही, अशी समजूत आहे. त्यामुळे तो सगळा धक्काच रंगीत होऊन गेला आहे.

आवाजाविना समुद्र किती मोठा असतो, याची एक गोष्ट थेट मुंबईशी जोडलेली आहे. न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्यांची ‘सुहैली’ ही सागवानी बोट मुंबईत बांधली होती. या प्रवासात त्यांचा रेडिओ बिघडला. नोव्हेंबर १९६८ मध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ ते दिसले, त्यानंतर थेट एप्रिल १९६९ पर्यंत त्यांचा काहीच ठावठिकाणा नव्हता. ते जिवंत आहेत की नाही, हे चार महिन्यांहून अधिक काळ घरच्यांनाही माहीत नव्हते. २२ एप्रिल १९६९ रोजी ते सुखरूप परतले. पण ते चार महिने घरच्यांनी कसे काढले असतील!

रोज दुपारचा एक आवाज

ही चिंता दूर करण्यासाठी एका माणसाने आयुष्याची जवळजवळ पंचवीस वर्षे दिली. त्यांचे नाव हर्ब हिल्गेनबर्ग. ‘साउथबाउंड टू’ या स्वतःच्या शिडाच्या बोटीतून कुटुंबासह जाताना ते अशा वादळात सापडले, ज्याचा हवामान खात्याने अंदाजच दिलेला नव्हता. त्यातून वाचल्यावर त्यांनी हवामानाचा अभ्यास केला आणि आधी बर्म्युडाहून, नंतर कॅनडातल्या आपल्या घरून, अटलांटिकमधल्या बोटींना रोज मार्गदर्शन सुरू केले.

१२,३५९ किलोहर्ट्झ ही त्यांची लहर. बोटी एकामागोमाग एक आपला ठावठिकाणा सांगत आणि हर्ब प्रत्येकीला स्वतंत्रपणे सांगत : तुम्ही आणखी दोन दिवस दक्षिणेकडे राहा, तुमच्या उत्तरेला वादळ तयार होतेय, तुम्ही वेग वाढवा, वारा परवा पडणार आहे. हे काम तासन् तास चाले. सुट्टी नाही आणि एका पैशाचे मानधनही नाही. शेकडो माणसांना त्यांचा चेहरा माहीत नव्हता, पण आवाज आजोबांच्या आवाजासारखा ओळखीचा होता. ते रागवतही. ऐकले नाही, तर स्पष्ट सुनावत. २०१३ मध्ये त्यांनी हे काम थांबवले.

हीच वृत्ती जिमी कॉर्नेल यांनी वेगळ्या रीतीने जोपासली. रुमानियात जन्मलेले कॉर्नेल १९७५ मध्ये बायको आणि दोन मुलांसह बोटीने जगाच्या सफरीवर निघाले होते. १९८६ मध्ये त्यांनी अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींचा तांडा काढला. नवख्या कुटुंबांना एकटे वाटू नये, एवढाच हेतू. कॅनरी बेटांवरून बार्बाडोसला निघालेल्या त्या पहिल्या तांड्यात २०४ बोटी होत्या. या वार्षिक तांड्यात रेडिओवरची हजेरी कुणी अधिकारी घेत नसे. सहभागी बोटीच आळीपाळीने ती घेत.

हाक आली की

या शेजाराची खरी कसोटी लागते ती संकटात. समुद्रावर एक जुना धर्म आहे. हाक ऐकली की आपला मार्ग सोडून जायचे. पुढे याला आंतरराष्ट्रीय कायद्याचेही रूप आले. पण छोट्या बोटीवरचा माणूस जातो, तो कायद्याला भिऊन नव्हे.

२०१८ मध्ये भारतीय नौदलाचे अभिलाष टोमी गोव्यात बांधलेल्या ‘तुरीया’ बोटीतून गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरले होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने बोट उलटीपालटी केली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला इतकी जबर दुखापत झाली, की त्यांना उठताही येईना. ऑस्ट्रेलियाचा किनारा हजारो किलोमीटर दूर. त्यांचे प्रतिस्पर्धी, आयर्लंडचे ग्रेगर मॅकगकिन, यांच्या बोटीचीही त्याच वादळात डोलकाठी मोडली होती. तरी त्यांनी जुगाड करून तात्पुरते शीड उभारले आणि बोटीचे तोंड टोमींच्या दिशेने वळवले. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती नौकेने टोमींना आणि नंतर मॅकगकिननाही उचलले. शर्यतीत एकमेकांविरुद्ध उतरलेली ही माणसे. पण समुद्राने शेजारी केली होती! पुढे २०२२ च्या शर्यतीत टोमी पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले.

रोजच्या जगण्यातली संकटे एवढी मोठी नसतात, पण असतात. भर समुद्रात नवऱ्याच्या पोटात दुखू लागते. बायको रेडिओवर लक्षणे सांगते. कुठल्या तरी बोटीवरचा किंवा जमिनीवरचा डॉक्टर विचारतो, ‘दुखतंय कुठे? ताप किती? औषधांच्या पेटीत काय काय आहे?’ सुकाणू मोडते, तेव्हा ‘आम्ही याच प्रसंगातून गेलोय’ म्हणणारा कुणी तरी निघतो आणि दरवाजाची फळी वापरून कसे सुकाणू करायचे, ते सांगतो. मदतीचे पैसे द्यायचे नसतात. घेतलेली मदत पुढच्या कुणाला तरी परत करायची असते. देणेकरी एक आणि फेड दुसऱ्याकडे, असा हा अजब हिशेब!

जिथे हात पोहोचत नाही

या शेजाराला दुःखाची किनारही आहे. रोज संध्याकाळी एकत्र जेवणारी दोन कुटुंबे एके दिवशी वाऱ्याच्या दिशेने वेगळी होतात. एक उत्तरेला, एक पश्चिमेला. पुन्हा भेट होईल की नाही, कुणी सांगावे? ‘नांगर उचलणे सोपे, निरोप घेणे अवघड’ हा इथला रोजचा अनुभव.

आणि काही वेळा शेजारही हतबल होतो. पूर्वी आशिया ओलांडून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या अनेक बोटी कोचीला बोलगाट्टी बेटासमोर नांगर टाकत. तिथून पुढे सोमाली चाच्यांचा धोका वाढला, तेव्हा बोटी चार-पाच जणींचा जथा करून, एकमेकींना नजरेआड न होऊ देता जाऊ लागल्या. पण १८ फेब्रुवारी २०११ रोजी मुंबईहून ओमानच्या सलालाकडे निघालेली ‘क्वेस्ट’ ही अमेरिकी बोट चाच्यांनी पकडली आणि चार दिवसांनी तिच्यावरची चारही माणसे मारली गेली. बरोबरच्या प्रवासात ज्यांनी त्यांच्यासोबत हसत-खेळत दिवस घालवले होते, त्या बोटींवर केवढा शोक पसरला असेल! त्यानंतर कित्येकांनी तो मार्गच सोडला. कुणी आफ्रिकेला वळसा घातला, कुणी बोट मालवाहू जहाजावर चढवून पुढे नेली.

२०२० मध्ये संकट वेगळेच आले. करोनामुळे एकामागून एक बंदरे बंद झाली. बोटी महासागराच्या मध्यावर होत्या. निघताना उघडे असलेले बंदर पोहोचेपर्यंत बंद झालेले! कॅरिबियन समुद्रात वादळांचा मोसम जवळ येत होता आणि युरोपात घरी परतायचे, तर पुरेशी माणसे बोटीवर यायला विमाने नव्हती. तेव्हा ओशन क्रूझिंग क्लबच्या स्वयंसेवकांनी कोणते बंदर उघडे, कोणते बंद याची माहिती गोळा केली आणि अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींवर रोज लक्ष ठेवले. ओर्ताने कुणाला जमिनीवर पाय ठेवू दिला नाही, पण नांगर टाकू दिला. अन्न, पाणी, डिझेल बोटीपर्यंत पोहोचवले. जुन्या शेजारधर्माला ओर्ता जागले.

आकाशातून आलेला बदल

आता काळ बदलला आहे. २०२२ नंतर ‘स्टारलिंक’ची उपग्रहावरून येणारी इंटरनेट सेवा छोट्या बोटींवरही पोहोचली. ताटाएवढी एक तबकडी छपरावर बसवली, की भर महासागरातून नातवंडांचा चेहरा दिसतो, हवामानाचे नकाशे मिळतात, डॉक्टरांना जखम दाखवता येते. आजीला नातवाचा पहिला वाढदिवस पाहता आला, तर त्याहून मोठे सुख कोणते? या सोयीला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

पण तिच्याबरोबर एक गोष्ट हळूहळू हातची निसटत चालली आहे. बऱ्याच बोटींनी लघुलहरींचे रेडिओ बसवणेच सोडून दिले. हजेरीला येणारे आवाज कमी झाले. मैत्री संपलेली नाही, ती व्हॉट्सअॅपच्या गटांत गेली. तिथे रोज विचारपूस होते, सुट्या भागांची चौकशी होते, वाढदिवस होतात. मात्र गटात तोच असतो, ज्याला कुणी तरी घेतलेले असते. रेडिओचे तसे नव्हते. तो सगळ्यांना ऐकू येई. काल रात्री नवखी आलेली, कुणाचीच ओळख नसलेली बोट सकाळी आठ वाजता बटन फिरवी आणि एका क्षणात गावात सामील होई.

म्हणूनच जुनी मंडळी नव्यांना आवर्जून एक सल्ला देतात : घरी बोलायला फोन वापरा, हवामानाला इंटरनेट वापरा, पण व्हीएचएफ बंद करू नका. त्यामागे आठवणींचा हळवेपणा नाही, साधा हिशेब आहे. रात्री दोन वाजता बोटीत पाणी शिरू लागले आणि तुम्ही फोन लावला, तर तो एकाच माणसाकडे वाजतो, आणि तो माणूस कदाचित दुसऱ्या खंडात असतो. तेच १६ क्रमांकाच्या वाहिनीवर हाक दिली, तर आसपासच्या वीस मैलांतल्या प्रत्येक उघड्या कानावर ती पडते. त्यात मालवाहू जहाज असेल, मच्छीमार असेल, किंवा कालपर्यंत ज्याचे नावही ऐकले नव्हते असा कुणी असेल.

जॉर्जटाउनमध्ये, ला पाझमध्ये आजही सकाळी सभा भरते. सूत्रसंचालक आधी संकटाचे विचारतो आणि सगळे गप्प राहतात. हाक मारणाऱ्याला तिथे कुणाचा नंबर ठाऊक असावा लागत नाही. ऐकणाऱ्याने तेवढे आपले यंत्र चालू ठेवलेले असावे लागते.